इरू का पडते

इरू पहिल्यांदा पडली तेव्हा तिच्या हातात आंब्याची फोड होती. ऋजुता स्वयंपाकघरात आंबे चिरत होती आणि बाहेरच्या खोलीतून निनादचा आवाज येत होता. तासगावकडच्या कुणा बागायतदाराचा फवारणीचा ड्रोन भरकटला आणि द्राक्षबाग सोडून थेट एका वरातीवर घोंगावत गेला, ही हकीकत तो लेकीला नवरदेव, घोडा आणि ड्रोन अशा तिघांच्या आवाजांत सांगत होता. मधेच सगळं थांबलं आणि धप्प असा आवाज आला.

ऋजुता धावत बाहेर आली. सात वर्षांची इरू फरशीवर पडली होती. जबडा सैल, जीभ किंचित बाहेर, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. निनाद तिच्याशेजारी गुडघे टेकून तिला हाका मारत होता. ऋजुताने तिला उचललं तर ओल्या टॉवेलसारखं अंग लोंबत होतं. मिनिटभरात इरूने डोळे उघडले, हनुवटी पुसली आणि फोड कुठे गेली म्हणून विचारलं.

ऊन लागलं असेल, असं निनाद म्हणाला. ते पटण्यासारखंही होतं. त्या वर्षी सांगलीत उन्हाळ्याने कहर केला होता, शाळा उजाडता उजाडता भरवून दहाच्या आत सोडत होते. ऋजुताने इरूला लिंबूपाणी पाजलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि स्वतःची समजूत घातली.

मग ती परत पडली. जिन्याच्या पायरीवर. मग अंघोळ करून येताना. मग निनादच्या खांद्यावर बसलेली असताना. तेव्हा त्याने वेळेवर धरलं म्हणून बरं, नाहीतर डोकंच फुटलं असतं. प्रत्येक वेळी तेच: आधी चेहरा ढिला पडायचा, मग मान, मग गुडघे. फीट येते आहे, असं पहिले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी औषध दिलं. दुसऱ्यांनी ते बदलून दुसरं दिलं. इरू वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायला लागली, घरी आली की जेवताना पेंगायला लागली. औषधांची गुंगी, असं सगळेच म्हणाले. पडणं मात्र थांबलं नाही.

ऋजुता पाटबंधारे खात्याच्या पूरनियंत्रण कक्षात काम करायची. कृष्णा आणि वारणा या दोन्ही नद्यांत ठिकठिकाणी बसवलेले संवेदक पाण्याची पातळी पाठवत राहायचे आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर त्या रेषा हलत राहायच्या. रेषा वर चढली की कुठे पाऊस झाला, कुठला दरवाजा उघडला, हे ती बोट ठेवून सांगायची. तिच्या कामात कारण सापडत नाही असं कधी होत नसे. आता घरात तिला एका मुलीच्या पडण्याचं कारण सापडत नव्हतं आणि त्यामुळे तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. खुर्ची सरकली तरी ती दचकायची. कक्षात बसलेली असताना मधेच फोन करून इरू कुठे आहे, उभी आहे की बसली आहे, असं विचारायची.

शेवटी ती आणि निनाद इरूला मिरजेला डॉ. रुक्साना तांबोळींकडे घेऊन गेले. त्या मुलांच्या मेंदूविकारांच्या तज्ज्ञ होत्या, बोलायला मोजक्या आणि तपासायला सावकाश. त्यांनी इरूचा एमआरआय बघितला, तो स्वच्छ होता. मग त्यांनी 'अन्वय'बद्दल सांगितलं.

अन्वय म्हणजे कानामागे चिकटवायची एक पारदर्शक टिकली आणि घरात ठेवायची एक डबी. टिकली मेंदूतल्या विद्युतलहरी, हृदयाचे ठोके आणि स्नायूंचा ताण सतत टिपायची. डबी आजूबाजूचं टिपायची: उजेड, उष्णता, आवाज, कोण जवळ आहे, कोण काय बोलतं आहे. दवाखान्यात अर्धा तास काढलेल्या मेंदूच्या आलेखात झटका सापडेलच असं नसतं, कारण झटका काही डॉक्टरांची वेळ घेऊन येत नाही. अन्वय मात्र मुलाबरोबर आठवडेच्या आठवडे राहायचा आणि मग प्रत्येक झटक्याच्या आधी काय काय घडलं होतं ते शेजारी शेजारी लावून त्यातला समान धागा शोधून काढायचा. कुणाला पंख्याच्या पात्यांतून येणारा लुकलुकता उजेड, कुणाला अपुरी झोप, कुणाला एखादा विशिष्ट सूर. शेकडो मुलांची कोडी त्याने सोडवली होती.

ऋजुताला हे ऐकूनच हायसं वाटलं. हे तिच्या नद्यांसारखंच होतं. परत येताना गाडीत ती निनादला तेच सांगत होती आणि निनाद, कानामागे टिकली लावून तो स्वतः झोपला तर घोरण्याचं कारण म्हणून त्यात सासूबाईंचं नाव येईल, असलं काहीतरी बोलून इरूला खिदळवत होता.

महिन्याभराने डॉ. तांबोळींनी दोघांना बोलावलं. इरूला बाहेर परिचारिकेपाशी बसवलं होतं. डॉक्टरांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ पडद्याकडे बघितलं. इरू पडते तेव्हा तिच्या मेंदूत फीटची लहर उमटतच नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे ही फीट नव्हेच. औषधं हळूहळू बंद करायची.

"मग ती पडते कशाने?" ऋजुताने विचारलं.

"अन्वयला एकच धागा सापडला आहे. उजेड, उष्णता, जेवणाची वेळ, कशाचाही संबंध नाही." डॉक्टरांनी पडद्यावरून नजर काढली. "ती जवळजवळ दर वेळी वडील जवळ असताना पडते."

निनाद हसला, मग त्याच्या लक्षात आलं की आणखी कुणीच हसत नाही.

डॉक्टरांनी शक्य तितक्या सौम्यपणे समजावलं. मेंदूत बिघाड नसताना मुलं पडतात तेव्हा बऱ्याचदा त्यामागे मनावरचा ताण असतो, भीती असते, आणि शरीर ती अशा रीतीने बाहेर टाकतं. इथे तसंच आहे असं त्या म्हणत नव्हत्या. पण अशा वेळी यंत्रणेकडून बालसंरक्षण कक्षाला आपोआप सूचना जाते, नव्या कायद्याने ते डॉक्टरांच्याही हातात राहिलेलं नाही. समुपदेशक घरी येतील. काही काळ वडिलांनी वेगळं राहून बघावं, असं ते सुचवतील.

गाडीत इरू मागच्या सीटवर झोपून गेली. घरी आल्यावर ऋजुताने तिला आत निजवलं, दार ओढून घेतलं आणि निनादसमोर येऊन उभी राहिली. विचारायचं नाही असं ठरवूनच ती आली होती.

"तू तिला काही करतोस का? ओरडतोस, हात लावतोस, काहीही?"

निनाद तिच्याकडे बघत राहिला. "हे तू विचारतेयस का ते मशीन विचारतंय?"

निनादने उत्तराची थोडा वेळ वाट पाहिली आणि मग कपाटावरची बॅग खाली काढली.

तो तासगावला गेला. फवारणीचे ड्रोन दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान तिथे होतं, मागे एक खोली होती. समुपदेशक म्हणून कल्याणी मगदूम नावाच्या बाई आल्या, त्यांनी इरूला चित्रं काढायला लावली, घरातल्या माणसांबद्दल गोड बोलून विचारलं. इरूने बाबाचं चित्र सगळ्यात मोठं काढलं. मगदूम बाईंनी ते बारकाईने बघितलं आणि याचा अर्थ दोन्ही प्रकारे लागू शकतो, माया म्हणूनही आणि धाक म्हणूनही, असं त्या ऋजुताला म्हणाल्या. तपासणी पुरी होईपर्यंत भेट नको, फोनही नको, असं ठरलं.

आणि इरू पडायची थांबली.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. अन्वयच्या पडद्यावरची रेषा सपाट होती. ऋजुता रोज सकाळी ती बघायची. मुलगी पडत नाही याचा आनंद व्हायला हवा होता, तो तिला होतही होता, आणि त्याच्या मागोमाग निनादचा विचार यायचा. बारा वर्षांचा संसार तिने आठवून आठवून चाळून काढला. निनाद रागावला कधी, कशावरून, दार आपटलं होतं का. इरू त्याच्या खांद्यावरून निसटली होती ती खरंच निसटली होती का. जे तेव्हा साधं वाटलं होतं ते आता तसं वाटेना. माहेराहून आईचा फोन यायचा, आई सरळ काही विचारायची नाही, नुसतं लेकराला जप म्हणायची, आणि तेवढ्यानेही ऋजुता पुन्हा पहिल्यापासून आठवायला बसायची.

इरूने सुरुवातीला बाबा कधी येणार म्हणून विचारलं. मग विचारायचं सोडलं. हे दुसरं ऋजुताला जास्त खुपायला लागलं. औषधं बंद झाली होती तरी इरू दिवसा झोपतच होती. शाळेतून यायची, जेवायची, गृहपाठ करायची, सांगितलं तेवढं बोलायची. घर इतकं शांत झालं होतं की ऋजुता भांडी मुद्दाम आवाज करत घासायची.

श्रावणात धरणांतून पाणी सोडायला लागले आणि एका रविवारी ऋजुताला कामावर जावं लागलं. इरूला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तिने तिलाही बरोबर नेलं. नियंत्रण कक्षात त्या दोघीच होत्या. इरू फिरत्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. खात्याने त्याच वर्षी गावोगावच्या भोंग्यांसाठी एक बोलकी यंत्रणा आणली होती. अधिकाऱ्याने वाक्य बोलायचं, यंत्रणा ते ऐकून गंभीर आवाजात वाचून दाखवायची आणि बरोबर असेल तरच पुढे पाठवायची.

ऋजुता म्हणाली, "वारणेची पातळी वाढली आहे."

यंत्रणा म्हणाली, "वाण्याची पातळी वाढली आहे."

ऋजुताने वाक्य खोडलं आणि पुन्हा सावकाश बोलून पाहिलं. यंत्रणेने थोडा विचार केला आणि आपल्याकडची सूचना जोडून वाचलं, "वाण्याची पातळी धोक्याच्या वर गेली आहे. वाण्याला सुरक्षित स्थळी हलवावे."

आठवड्यांचा शीण, वैताग, सगळं त्या क्षणी ऋजुताच्या डोक्यात गेलं आणि तिच्या तोंडून, त्याच सरकारी गंभीर आवाजात, आपोआप निघालं, "वाण्याला माळ्यावर ठेवावे. वाण्याच्या बायकोला कळवावे."

इरूच्या तोंडून एक फुर्रकन हसू फुटलं. कितीतरी दिवसांत ऋजुताने ते ऐकलं नव्हतं. ती वळली तोवर इरूचा चेहरा ढिला पडला होता. जबडा लोंबला, मान कलली आणि पोरगी खुर्चीतून खाली घसरायला लागली. ऋजुताने झेप घेऊन तिला धरलं आणि तिला मांडीवर घेऊन तशीच जमिनीवर बसली. निनाद तासगावला होता. इथे या खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. भीती नव्हती, ओरडणं नव्हतं. तिने इरूच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांत पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला दिसलं की पोरगी तिथेच आहे. बुबुळं हलत होती. ती आईकडे बघत होती.

अंगात जीव आल्यावर इरू म्हणाली, "बायकोला कळवावे," आणि पुन्हा हसू येईल म्हणून तिने घाईने ओठ आवळले.

ऋजुताने तिचे केस मागे सारले. "तुला ऐकू येत होतं? आत्ता पडलीस तेव्हा?"

"नेहमीच येतं. फक्त हलता येत नाही." इरूने खाली बघितलं. "हसू आलं ना, की ते पायांत उतरतं."

"मग आधी का नाही सांगितलंस, बाळा?"

इरूने खुर्चीचं चाक बोटाने फिरवलं. "सांगितलं असतं तर बाबाने हसवायचं बंद केलं असतं."

भोंग्यांकडे योग्य सूचना गेली, ती ऋजुताने हाताने लिहून पाठवली. त्यानंतर तिने डॉ. तांबोळींना फोन केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अन्वयने साठवलेली मूळ नोंद उघडली, गाळणी लावायच्या आधीची. माणूस हसतो तेव्हा चेहऱ्याचे आणि जबड्याचे स्नायू इतके हलतात की मेंदूच्या लहरी त्या गोंगाटात बुडून जातात. म्हणून हसण्याचे क्षण निरुपयोगी ठरवून अन्वय ते आधीच कापून टाकायचा आणि उरलेल्यात कारण शोधायचा. प्रत्येक पडण्याआधीचा एक तुकडा असा कापलेला होता. डॉक्टरांनी ते तुकडे एकामागून एक लावले. दवाखान्याच्या त्या बंद खोलीत इरूचं खिदळणं घुमत राहिलं, आणि त्याच्यामागे निनादचा आवाज: कधी घोडा, कधी ड्रोन, कधी शाळेचे मुख्याध्यापक. ऋजुताने नजर जमिनीवर खिळवली.

मेंदूच्या तळाशी, डॉक्टर सांगू लागल्या, पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. तो ओरेक्झिन नावाचं रसायन तयार करतो आणि त्याच्या जोरावर आपण जागे राहतो. एखाद्या साध्या तापानंतर शरीराची संरक्षक यंत्रणा कधी कधी चुकून याच पेशींवर तुटून पडते. मग जागेपण आणि झोप यांच्यातली भिंत गळकी होते. स्वप्न बघताना आपण हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदू शरीराचे स्नायू ढिले करून ठेवतो. ही भिंत गळकी झाली की तो ढिलेपणा जागेपणी आत शिरतो, आणि त्याला आत यायला सगळ्यात सोपी वाट असते ती मोठ्या आनंदाची, विशेषतः हसण्याची; दर हसण्याला नाही, पण केव्हाही. मूल जागं असतं, ऐकत असतं, पण शरीर झोपेतलं असतं. दिवसा येणारी झोपही त्यातलीच. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून हे नक्की करता येईल.

तपासणीत ते नक्की झालं. पाण्यात ओरेक्झिन जवळजवळ नव्हतंच.

"मी तिला खूप प्रश्न विचारले होते," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "पडण्याआधी भीती वाटते का, डोकं दुखतं का, कुणी रागावतं का. मजा येत असते का, एवढं विचारायचं राहिलं."

मगदूम बाईंनी प्रकरण बंद झाल्याचं कळवलं आणि कुटुंबाला शुभेच्छा दिल्या. इरूला शाळेत सोडून ऋजुता तासगावला गेली. दुकानात निनाद एका ड्रोनचं तुटलेलं पातं बदलत होता. तो बारीक झाला होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: वाणी, खुर्ची, कापलेले तुकडे, इरू काय म्हणाली ते. शेवटचं ऐकताना त्याच्या हातातला पाना थांबला.

"तुला खरंच वाटलं होतं?" त्याने विचारलं.

येताना रस्ताभर तिने या प्रश्नाची दहा उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही तिला वापरता आलं नाही.

"हो. तू गेलास आणि तिचं पडणं थांबलं. मग वाटलं."

"आणि ती हसत नव्हती, ते?"

"ते कुणी मोजत नव्हतं. मीसुद्धा नाही."

निनादने पातं घट्ट केलं, ड्रोन उडवून पाहिला, खाली उतरवला. मग बॅग घेऊन तो तिच्याबरोबर गाडीत बसला. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि तिनेही माफी मागितली नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला माफी म्हणावं की काय म्हणावं, हेच तिला कळत नव्हतं.

तो आला, पण हसवणारा निनाद आला नाही. इरूशी तो जपून बोलायचा, शाळेत काय शिकवलं, भाजी घे अजून. तिला हसू येतंय असं दिसलं की वाक्य अर्धवट सोडून उठायचा. ऋजुता आणि तो एकमेकांशी घरकामापुरतं बोलायचे. इरू दोघांच्या मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायची.

औषधाचा निर्णय घ्यायचा होता. ओरेक्झिनची नक्कल करणारी गोळी नुकतीच मुलांसाठी मिळायला लागली होती. त्या गोळीने दिवसाची झोप जाणार होती आणि पडणं बरंच कमी होणार होतं, पण पूर्ण बंद नाही. पूर्ण बंद करायचं तर जोडीला दुसरं एक औषध होतं. त्याने मुलं पडत नाहीत, मात्र काहींचं हसणं-रडणं बोथट होतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

दोन्ही द्या, असं निनाद लगेच म्हणाला. आपल्यामुळे पोरगी जमिनीवर आपटते हे त्याला परत बघायचं नव्हतं. ऋजुता नको म्हणाली. तिने ते शांत घर पाहिलं होतं. दोघं डॉक्टरांसमोरच वाद घालायला लागले, दबक्या आवाजात, पण इतक्या महिन्यांचं सगळं त्यात येत गेलं. डॉ. तांबोळींनी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी दार उघडून इरूला आत घेतलं, समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही औषधं काय करतात ते तिला तिच्या भाषेत सांगितलं.

इरूने नीट ऐकून घेतलं. दुसरं औषध नुसतं सहलीला जायच्या दिवशी घेतलं तर चालेल का, असं तिने विचारलं. तिथे पाणी असतं, दगड असतात. डॉक्टर म्हणाल्या, असं मधेच घेऊन त्याचा उपयोग नाही, ते रोजच घ्यावं लागतं.

"मग नको," इरू म्हणाली. "दगडावर मी बसूनच हसेन."

गोळी सुरू झाली. इरू वर्गात जागी राहायला लागली आणि बाईंनी तिला बोलते म्हणून पहिल्यांदाच शिक्षा केली. घरी मात्र ती हसत नव्हती, कारण हसवत कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी निनाद कवठ्याकडच्या एका गिऱ्हाइकाचं काम करून आला. ड्रोन पाखरांनी पाडला म्हणून गिऱ्हाईक भांडत होतं, एवढंच तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

"कुठल्या पाखरांनी?" इरूने विचारलं.

"साळुंक्यांनी."

"मग?"

"मग काही नाही. दुरुस्त केला."

"बाबा, नीट सांग ना."

निनाद टॉवेल हातात घेऊन दारात उभा राहिला. त्याने इरूकडे पाहिलं नाही. तो ऋजुताकडे बघत होता, आणि तिला कळलं की तो परवानगीची वाट बघतोय. या घरात, स्वतःच्या मुलीला हसवायला त्याला तिची परवानगी लागत होती, आणि ती वेळ त्याच्यावर तिनेच आणली होती.

ऋजुता उठली. काचेचं टेबल दोन्ही हातांनी भिंतीपर्यंत ढकललं, कॉटवरची गादी ओढून खाली अंथरली आणि इरूच्या मागे, तिला टेकता येईल अशी, मांडी घालून बसली.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. मलाही ऐकायचंय."

निनादने घसा खाकरला. पहिल्या साळुंकीचा आवाज त्याला जमलाच नाही, मधेच चिरकला. दुसरीचा मात्र बरोबर लागला.